आधी उतार, शेवटी चढ: लोणारच्या तळ्याची फेरी

किल्ला असो की डोंगरावरचं देऊळ, चालण्याचा हिशोब सोपा असतो. अंगात दम असतो तेव्हा चढायचं आणि दम संपत आला की उतरायचं. मध्येच जमेनासं झालं तर तिथून मागं फिरावं, घर उताराच्याच बाजूला असतं. लोणारला हा हिशोब उलटा होतो. गाव वर काठावर आणि तळं खाली. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, गप्पा मारत तुम्ही उतरता. तळ्याभोवतीची खडकाळ फेरी पुरी करता. आणि मग ऊन डोक्यावर आलेलं, बाटलीत दोन घोट पाणी उरलेलं अशा वेळी सव्वाशे मीटरहून जास्त चढ समोर उभा राहतो. शहरातल्या माणसाला सांगायचं तर चाळीस-पंचेचाळीस मजली इमारतीचा जिना, आणि तोही शेवटी. लोणारला जे हाल होतात ते बहुतेक या चढावर होतात, पण त्यांची सुरुवात उतरतानाच झालेली असते. म्हणून या फेरीची सगळी तयारी शेवटापासून मागं मोजत करायची.

हा लेख मुख्यतः हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आहे. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी आपल्याला ते शेजारचंच. सेनगाव-रिसोडवरून जाता येतं, औंढ्याकडच्यांना जिंतूर-मंठा बरं पडतं. पहाटे निघून दुपारी परतीला लागता येईल एवढंच अंतर आहे. शिवाय गावाला खेटून असलेलं अभयारण्य, आणि त्यात जिथून निघालो तिथंच परत आणणारी खडकाळ वाट, असं ठिकाण आपल्या भागात दुसरं नाही. बसस्टँडवरून पायी निघालेला माणूस थोड्याच वेळात मोराचा आवाज येतो अशा झाडीत असतो.

जागा नीट समजली तर चालणं सोपं जातं. आपल्याकडच्या माळावर, कयाधूच्या पात्रात जो काळा दगड दिसतो, तोच बेसॉल्ट इथंही आहे. त्या थरांवर आकाशातून अशनी येऊन आदळली आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा पडला. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. हा ज्वालामुखीचा खड्डा की अशनीचा, हा वाद पुढं बराच काळ चालला. 1973 मध्ये कर्ट फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकांतल्या आघाताच्या खुणा दाखवल्या आणि अशनीची बाजू पक्की झाली. वयाबद्दल अजून एकमत नाही. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं निघतं, दुसरीनं सुमारे 5 लाख 70 हजार. 2000 मध्ये इथं अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 मध्ये तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि लोणार घराघरांत पोचलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं सांगितलं. गुलाबी पाणी बघायला म्हणून मात्र जाऊ नका. बहुतेक वेळा ते हिरवंच असतं, आणि तेही सुंदर दिसतं.

व्यास कळला की अंतराचा अंदाज घरीच बांधता येतो. वरच्या काठानं सगळा वेढा घातला तर तो पावणेसहा किलोमीटरच्या आसपास भरेल. खाली तळ्याला धरून चार ते पाच किलोमीटर, पाणी किती चढलंय त्यावर कमी-जास्त. आकडा ऐकून माणसं हसतात. रोज सकाळी तेवढं तर गावातच चालतो म्हणतात. पण डांबरी रस्त्यावरचं पाच किलोमीटर आणि दगडगोट्यांतलं पाच किलोमीटर यांत फरक आहे. इथं तासाला दोन किलोमीटर झालं तरी वेग बरा म्हणायचा. उतरणं, फेरी, थांबणं आणि चढणं धरून चार तास हाताशी ठेवा. लहान मुलं किंवा साठीपुढची माणसं बरोबर असतील तर पाच.

जायचं कधी? सोयाबीन घरात आलं की, आणि हळदीची काढणी लागायच्या आत. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा थोडी उसंत असते, हवा कोरडी आणि दगडही कोरडा. पावसाळ्यात उतार हिरवागार होतो, फोटो छान येतात, पण बेसॉल्टवर शेवाळ धरलं की बुटाच्या कुठल्याही तळव्याचं काही चालत नाही. जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी वीज पडण्याची भीती वेगळीच. मराठवाडा-विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. त्या दिवसांत निघालात तर फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप असू द्या आणि आभाळात गडगडाट ऐकू आला की एकटं उंच झाड सोडून बाजूला व्हा. मार्चनंतर हा खड्डा तापतो. भोवतीच्या भिंतींमुळे वारा खाली पोचत नाही आणि काळा दगड ऊन पिऊन ते परत फेकतो. एप्रिल-मेमध्ये खाली उतरूच नये, वरूनच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या दर्शनाला गर्दी असते. तेव्हा दर्शनासाठी जा, फेरीसाठी नको.

निघायच्या आदल्या दिवशी एक चौकशी करायची आणि पोचल्यावर वनविभागाच्या माणसांकडे तीच पुन्हा करायची: आज पूर्ण फेरी खुली आहे का? तळ्याची पातळी वर्षागणिक खालीवर होते. पाणी चढलं की काठची वाट बुडते, काही देवळांत पाणी शिरतं आणि फेरी मध्येच तुटते. अशा वेळी “थोडं पाण्यातून जाऊ” हा विचार मनात आणायचा नाही. प्रवेशाच्या वेळा आणि नियमही बदलतात. मागच्या वर्षी कुणी कुठून उतरलं होतं, ही माहिती यंदा उपयोगाची नसू शकते. स्थानिक वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या. त्याला दिलेले पैसे गावात राहतात, आणि कुठल्या दगडाखाली काय आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

आता पाणी. समोर एवढं तळं असलं तरी त्यातला थेंबही पिण्याजोगा नाही. पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे, म्हणजे ते साबणाच्या पाण्याइतकं अल्कधर्मी आहे. काठावर गोमुखाची धार आहे, पण ती वर, गावाच्या अंगाला. खाली उतरल्यावर आपली बाटली हाच आधार. माणशी दोन लिटर हिवाळ्यात, तीन लिटर ऊन असेल तर. यातलं निदान पाऊण लिटर शेवटच्या चढासाठी वेगळ्या बाटलीत ठेवा, आणि चढाला लागेपर्यंत तिचं झाकण उघडू नका. ओआरएसच्या पुड्या नसतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घरूनच कालवून आणा. चहाचा छोटा चमचा धरायचा आणि मीठ अर्ध्या चमच्याहून जास्त नको. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखं दुसरं काही नाही. धपाटे दिवसभर टिकतात, हात माखत नाहीत आणि पोट जड होत नाही. गूळ-शेंगदाणे खिशात असू द्या. मात्र माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. इथल्या वानरांना पिशवीच्या आवाजाची चांगली ओळख आहे.

पायांत काय घालायचं यावर आपल्याकडे वाद होतो. रानात आयुष्य गेलेली माणसं चपलेवर कुठंही जातात हे खरं. पण त्यांचे पाय तसे घडलेले असतात. दुकानात, शाळेत, कचेरीत बसणाऱ्यांनी त्यांचं अनुकरण करू नये. महागडे ट्रेकिंगचे बूट हवेतच असं नाही. खोल खाचांचा रबरी तळवा, टाचेला घट्ट बसणारा आणि पुढं बोटांना थोडी जागा ठेवणारा कुठलाही बूट चालेल. उतरण्याआधी नाडी घोट्याजवळ आवळून बांधा. नाहीतर पाय पुढं सरकत राहतो, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटतं आणि घरी पोचेपर्यंत काळंनिळं होतं. नवा बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पूर्ण लांबीची सुती पँट, डोक्याला टोपी किंवा उपरणं, आणि हातात काठी. गुराख्याच्या हातात असते तशी छातीइतकी उंच बांबूची काठी दोन-तीनशे रुपयांच्या घडीच्या काठीपेक्षा जास्त भरवशाची.

दगडावर पाय कसा टाकायचा हे शब्दांत सांगणं थोडं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. आपला बेसॉल्ट झिजताना त्याचे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गोटे उरतात. हे गोटे भुसभुशीत मुरमावर नुसते ठेवल्यासारखे पडलेले असतात. त्यांच्यावर वजन दिलं की ते फिरतात. त्यामुळे पाय टाकण्याआधी दगड बघा. त्याच्या बुडाशी माती धरलेली आहे, गवत उगवलेलं आहे, म्हणजे तो जमिनीत रुतलेला आहे. बुडाशी मोकळी फट दिसली तर त्याला टाळा. पाऊल लहान ठेवा, टाच किंवा चवडा आपटण्याऐवजी सगळा तळवा एकदम टेकवा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या. पाय घट्ट बसला की मगच मागचा उचलायचा. घसाऱ्यावर समोरासमोर उतरू नका. अंग आडवं करा, काठी डोंगराच्या बाजूला टेका आणि एकेक पाऊल खाली घ्या. घाबरून मागं रेललात तर पाय हमखास सुटतो. वजन थोडं पुढं, पायांवरच हवं. दोन माणसांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, आणि आपल्या पायाखालून दगड सुटला तर लाजू नका, “दगड!” म्हणून ओरडा. खालच्याला मान वर करायला नाही, बाजूला व्हायला वेळ मिळतो.

गुडघे दुखण्याची सवय असेल तर उतरतानाच सावध व्हा. चढ दमवतो, उतार गुडघा मोडतो. ज्यांना जिना उतरताना कळ येते त्यांनी खाली जाण्याचा हट्ट सोडावा. वर गोमुख, काठावरून दिसणारा अख्खा वाटोळा देखावा आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ एवढ्यातही दिवस सार्थकी लागतो. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं नीट बघायची तर दीड तास सहज जातो.

खाली पोचल्यावर प्रश्न येतो: उजवीकडून की डावीकडून? सवयीनं माणसं प्रदक्षिणेसारखं तळं उजव्या हाताला ठेवून निघतात. हिवाळ्यात कसंही जा. पण ऊन जाणवायला लागलेल्या दिवसांत मी उलट्या दिशेचा सल्ला देईन. गाव ईशान्येच्या अंगाला आहे, आणि सकाळी पूर्वेच्या भिंतीची सावली त्याच बाजूच्या उतारावर रेंगाळते. पश्चिमेच्या उतारावर मात्र सूर्य उगवल्या उगवल्या पडतो. तेव्हा कोवळ्या उन्हात पश्चिमेची बाजू आधी उरकावी आणि ऊन तापू लागल्यावर पूर्वेच्या झाडीतून परतावं. म्हणजे तळं डाव्या हाताला राहील. देवाची प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती घालाच, इथं सावलीला मान द्या.

काठाची वाट बघायला सपाट आहे आणि तिथंच लोक फसतात. पाण्यालगत पांढुरका, क्षारांचा थर वाळलेला असतो. वरून तो कडक दिसतो, पाय ठेवला की खाली काळा, सडक्या अंड्यासारख्या वासाचा चिखल निघतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. बूट बाहेर काढताना तळवा निसटावा इतका तो धरून ठेवतो. मुलांचा हात इथं सोडू नका, ती पाण्याकडेच धावतात. पाण्यापासून दोन-चार पावलं वरून, झाडीच्या कडेनं चाला. पण झाडीतही एक भानगड आहे. वेड्या बाभळीचं रान काही ठिकाणी इतकं दाट होतं की तळं दिसेनासं होतं, आणि शेळ्या-गुरांच्या वाटा मुख्य वाटेसारख्याच वाटतात. त्यातली एखादी हळूच वर चढू लागते आणि घसाऱ्यात जाऊन संपते. खूण साधी ठेवा. फेरीची वाट सपाटीनं जाते. सलग काही मिनिटं चढतोय असं वाटलं तर थांबा, खाली पाणी कुठं आहे ते शोधा आणि परत तिकडे या.

वाटोळ्या वाटेत एक फसवी जागा असते, ती म्हणजे मधली. सरळ वाटेवर थकलेला माणूस कधीही मागं फिरू शकतो आणि प्रत्येक पावलागणिक घर जवळ येतं. फेरीत निम्मं अंतर झालं की पुढं जाणं आणि मागं जाणं सारखंच होतं. त्यामुळे निर्णय निम्म्याच्या आधी घ्यायचा. तुम्ही उतरलात ती जागा पाण्यापलीकडे बरोबर समोर दिसू लागली की निम्मं झालं समजा. त्याच्या थोडं आधी, एखाद्या सावलीत बसून हिशोब करा: पाणी निम्म्याहून जास्त उरलंय का, घड्याळ काय म्हणतं, कुणाचं डोकं दुखतंय का, कुणी बोलणं बंद केलंय का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. उन्हानं त्रास होऊ लागलेला माणूस आधी गप्प होतो, मग चिडतो, मग त्याचे पाय अडखळतात. एकाचंही उत्तर वाईट असेल तर आल्या वाटेनं परत. ती वाट निदान पायाखालची आहे.

बसलातच तर भिंतीकडे वर बघा. बेसॉल्टचे एकावर एक थर पट्ट्यांसारखे दिसतात. आपल्याकडे हे थर जवळपास आडवे असतात, पण इथं काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आघातानं काठच वर उचलला गेला, त्याची ही खूण. काही दगडांजवळ होकायंत्राची सुई हलते, कारण बेसॉल्टमध्ये लोहाचं चुंबकीय खनिज असतं. वाटाडे हा खेळ हमखास दाखवतात. बघा, मजा घ्या, पण दगड जागेवर ठेवा. अभयारण्यातून दगड, पान, पीस काहीही उचलून नेणं गुन्हा आहे. शिवाय दगड उलटवला की खाली विंचू असण्याची शक्यता बरीच.

बिबट्याबद्दल सगळे विचारतात. या भागात त्याचा वावर आहे. पण चार-पाच जण बोलत चालले आणि दिवस चढल्यावरच रानात असले तर गाठ पडण्याची शक्यता फार कमी. मावळतीला खाली राहू नका, हा नियम मात्र मोडायचा नाही. मला स्वतःला बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त वाटते. भिंतीच्या कपारीत किंवा उंच झाडावर पोळी लोंबत असतील तर आवाज बंद, धूर-सिगारेट बंद, आणि त्या दिवशी अत्तर लावलेलं नसावं. माश्या उठल्याच तर तोंड-मान कापडानं झाकून झाडीतून लांब पळा. तळ्यात उडी मारणं हा उपाय नाही. त्या पाण्यानं डोळे चुरचुरतील आणि चिखलात पाय अडकेल. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीच नको. माणसाला झोपवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि 108 ला फोन लावा. त्याला चालवत वर नेऊ नका, उचलून न्या. खाली फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. किती जण उतरलो आणि किती वाजता वर येणार, हे प्रवेशाजवळच्या माणसाला सांगून जा, आणि वर आल्यावर आलो म्हणूनही सांगा.

शेवटचा चढ. आता ती राखून ठेवलेली बाटली उघडा. चढायला लागण्याआधी दहा मिनिटं बसा, थोडा गूळ खा, अर्धं पाणी प्या. मग अशा चालीनं चढा की बोलताना वाक्य पुरं करता येईल. धाप लागून वाक्य तुटू लागलं की वेग कमी करा. पन्नास पावलं चालून दहा श्वास थांबणारा माणूस एका दमात निघालेल्याच्या आधी वर पोचतो. थांबताना बसू नका, काठीवर रेलून उभे राहा. बसलं की पाय जड होतात. सगळ्यांत हळू चालणारा पुढं, त्याच्या चालीनं बाकीचे मागं.

या चढाची तालीम घरी करता येते. महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीनदा, पाठीवर तीन-चार किलोची पिशवी घेऊन जिना चढा-उतरा. वीस मिनिटं पुरेत. औंढ्याभोवतीच्या डोंगरांत एक-दोन रविवार सकाळी गेलात तर त्याहून चांगलं. दगड तोच आहे, मुरूम तोच आहे. उतारावर मुद्दाम जास्त वेळ घालवा, कारण मांड्यांना सवय लागते ती उतरण्याची.

वर आल्यावर लगेच गाडीला किल्ली लावू नका. जो गाडी चालवणार आहे त्यानं खाऊन, अर्धा तास सावलीत पडून मगच चाकावर बसावं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील आणि तिसऱ्या दिवशी जास्त दुखतील, त्याला घाबरू नका. नुसतं लोळत पडू नका. गावातल्या गावात पंधरा-वीस मिनिटं सावकाश फिरा, कोमट पाण्यानं आंघोळ करा. गुडघ्याला सूज आली असेल किंवा पाय टेकवताना कळ येत असेल तर मात्र तेल चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.